लोगो कोरलमध्ये, नियोजन बोर्डावर: आपल्या कामाला कोणतं हत्यार लागतं ते कसं ओळखायचं

"ताई, आम्ही सगळे मिरो शिकलोय. त्यातच लोगो करून टाकू का?" असे फोन मला हल्ली वरचेवर येतात. (मिरो म्हणजे अनेकांनी एकत्र लिहायचा ऑनलाइन फळा. अशा फळ्याला मी पुढे बोर्डच म्हणते.) उलटा प्रकारही तितकाच पाहते. मंडळाच्या मिरवणुकीचा तक्ता कुणीतरी कोरलमध्ये, म्हणजे छपाईसाठी चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रंगवत बसलेला असतो. दर बैठकीनंतर नवी फाईल, नवा पीडीएफ, आणि ग्रुपवर तीच विचारणा: यातला शेवटचा कोणता? दोन्हीकडची माणसं मनापासून राबत असतात. फक्त हत्यार त्या कामाचं नसतं, आणि त्यात संध्याकाळच्या संध्याकाळ वाया जातात. ते पाहून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी नारायण पेठेतल्या छापखान्यात डीटीपी ऑपरेटर म्हणून सुरुवात केली. आता स्वतंत्रपणे लोगो, लेबलं, पाट्या, पत्रिका करते. एका ढोल-ताशा पथकाच्या नियोजनातही आहे. त्यामुळे कोरलसारखं रेघांनी चित्र काढणारं व्हेक्टर सॉफ्टवेअर आणि ऑनलाइन व्हाइटबोर्ड, दोन्ही रोजच्या वापरातले.

निवड करताना मी एकच प्रश्न विचारते: ही फाईल शेवटी कोण उघडणार?

शेवटी ती यंत्रापाशी जाणार असेल, म्हणजे ऑफसेटची प्लेट, फ्लेक्सचं मशीन, रेडियम कापणारा प्लॉटर, लेझर किंवा भरतकामाचं मशीन, तर व्हेक्टर सॉफ्टवेअरच लागेल. शेवटी ती माणसांपाशी जाणार असेल, त्यांनी ती बघून काहीतरी ठरवायचं असेल, तर बोर्ड. यंत्राला माप लागतं, माणसांना एकमेकांचं म्हणणं समोर दिसावं लागतं. बहुतेक कामांना दोन्ही लागतात, पण एकापाठोपाठ. म्हणूनच बोर्ड कधी बंद करायचा हे ठरवणं मला सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

यंत्राला काय लागतं

व्हेक्टर म्हणजे काय ते थोडक्यात. फोटो हा बारीक ठिपक्यांचा असतो. ए-फोर कागद ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायचा तर २४८० बाय ३५०८ ठिपके लागतात, आणि तेच चित्र दहा फुटांवर ताणलं की ठिपके दिसू लागतात. व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात. कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत कशी वळणारी रेघ, एवढंच फाईलमध्ये लिहिलेलं असतं. त्यामुळे व्हिजिटिंग कार्ड आणि दुकानाची पाटी एकाच फाईलमधून निघते. इलस्ट्रेटर १९८७ चं, कोरलड्रॉ १९८९ चं. दोन्ही छपाईसाठीच वाढली, म्हणून त्यांत मिलिमीटर आहेत, सीएमवायके म्हणजे छपाईचे चार रंग आहेत, कटाच्या बाहेर सोडायचा तीन मिलिमीटरचा ब्लीड आहे. बोर्डावर यातलं काहीच नसतं, कारण बोर्डाला त्याची गरजच नाही.

आता एक काम जवळून दाखवते. एका बचत गटाच्या ताईंना टेम्पोच्या काचेवर "घरगुती मसाले" ही अक्षरं रेडियममध्ये हवी होती. त्यांच्या भाच्यानं ती बोर्डावर टाइप करून पीएनजी, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, काढला आणि रेडियमवाल्याला पाठवला. रेडियमवाल्याचं उत्तर अगदी रास्त होतं: "हे छापता येईल, कापता नाही येणार. कर्व्ह केलेली फाईल द्या." प्लॉटरची सुरी रेघेवरून चालते, आणि पीएनजीत रेघ नसते.

मग मी अक्षरं व्हेक्टरमध्ये घेतली. टाइप केलं, फाँट निवडला, कर्व्ह केले, म्हणजे अक्षरांच्या रेघा करून घेतल्या. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी. इथपर्यंत बरेच जण येतात आणि फाईल पाठवून मोकळे होतात. पण देवनागरीचं काम इथं संपत नाही. कर्व्ह केल्यावर फाईल वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दिसतील अशी, बघा (इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय). घ, र, गु, ती ही चार वेगळी बंद आकृत्यांची टोळकी दिसतील. प्रत्येक अक्षर आपल्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन उभं असतं आणि तो तुकडा शेजारच्या अक्षराच्या तुकड्यावर किंचित चढलेला असतो. वेलांटीचं टोकही शिरोरेषेत घुसलेलं असतं. छपाईत हे दिसत नाही, काळ्यावर काळं चढलं तर कळणार कसं? पण सुरी प्रत्येक रेघ कापते. जिथं जिथं चढण आहे तिथं तिथं काप पडतो, आणि नको असलेलं रेडियम सोलायला घेतलं की शिरोरेषा तुकड्यातुकड्यानं हातात येते.

उपाय साधा आहे. सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट, इंकस्केपमध्ये अनग्रुप करून युनियन. सलग शिरोरेषेखाली सगळा शब्द एकाच बाह्यरेषेत आला पाहिजे. त्यानंतर आतली भोकं तपासा: "घ"च्या पोटातली, "म"च्या गाठीतली, "स"च्या गाठीतली. काही फाँटांत वेल्ड करताना ती भरून जातात. आणि वेल्ड करण्याआधी टाइप केलेल्या मजकुराची एक प्रत आर्टबोर्डच्या बाहेर ठेवून द्या, कारण कर्व्ह झालेल्या अक्षरांत पुन्हा "मसाले"चं "मसाला" करता येत नाही. बोर्डावर हे काम करायला जागाच नाही. मिरो किंवा फिगजॅमसारखा बोर्ड कमी आहे म्हणून नव्हे. अक्षराच्या आत शिरायची सोय तिथं ठेवलेलीच नाही.

भरतकामाचंही असंच. पथकाच्या कुर्त्यावर बोधचिन्ह हवं असेल तर मशीनवाला आधी पंचिंग करतो, म्हणजे प्रत्येक आकारात टाका कोणत्या दिशेनं पडेल ते ठरवतो. त्याला स्वच्छ बंद आकार दिले तर पंचिंग नीट होतं. अक्षरं लहान ठेवू नका. देवनागरीत मी एक सेंटिमीटरच्या खाली जात नाही. त्याखाली गेलं की उकार आणि अनुस्वार दोऱ्यात बुडतात.

सॉफ्टवेअर घेण्याआधी एक ओळ टाइप करा

"कोणतं सर्वांत चांगलं?" यावर वाद घालण्याआधी ही ओळ टाइप करून बघा: वऱ्हाडी कीर्तनकाराच्या शाळेत श्रद्धा, लाडू आणि ट्रॅक्टर.

वऱ्हाडी मधला ऱ्ह नीट येतो का, की र चा पाय मोडून शेजारी वेगळा ह उभा राहतो? कीर्तन मधला रफार "त"च्या डोक्यावर बसतो का? ट्रॅ मधला चंद्र आणि खालचा र आपापल्या जागी आहेत का? पहिली वेलांटी असलेला एखादा शब्दही टाका, "किती" किंवा "विद्यार्थी". वेलांटी अक्षराच्या मागे गेली तर ते सॉफ्टवेअर, त्या सेटिंगवर तरी, मराठी कामाचं नाही.

इलस्ट्रेटरमध्ये अशी गडबड दिसली तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप या विभागात जाऊन भारतीय भाषांचे पर्याय चालू करा आणि परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोझर लावा. बरेच जण हे न करता सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी तुटायचं, आणि पुण्यातल्या कित्येक छोट्या प्रेसमध्ये त्या जुन्या आवृत्त्या अजून चालू आहेत, कारण त्यांचं काम श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांवर बसलेलं आहे. अफिनिटी या आणखी एका व्हेक्टर सॉफ्टवेअरच्या आधीच्या आवृत्त्यांतही जोडाक्षरं फुटायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते कॅन्व्हानं फुकट केल्यापासून अनेक जण तिकडे वळलेत. वळा, पण आधी वरची ओळ टाइप करा. इंकस्केप फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, २००३ पासून चालू आहे आणि देवनागरी अगदी व्यवस्थित जुळवतं. त्याची अडचण दुसरीकडे आहे: ते मुळात आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करतं. रेडियम, लेझर, भरतकाम, वेबसाइट यांना त्यानं काही बिघडत नाही. मल्टीकलर ऑफसेटला जायचं असेल तर मात्र इलस्ट्रेटर किंवा कोरल घ्या, नाहीतर इंकस्केपमधलं चित्र स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तिथून सीएमवायके पीडीएफ काढा.

शिकणाऱ्याला मी काय सांगते? विद्यार्थी असाल, पैसे नसतील, तर इंकस्केपपासून सुरू करा. तिथं शिकलेलं पेन टूल पुढे कुठंही चालतं. पेठांतल्या प्रेसबरोबर रोज काम करायचं असेल तर कोरल शिकल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण समोरचा माणूस "सीडीआर द्या", म्हणजे कोरलची फाईल द्या, असंच म्हणणार. एजन्सीत नोकरी हवी असेल तर इलस्ट्रेटर. आपल्याला आवडतं त्यापेक्षा पुढचा माणूस काय उघडतो ते इथं मोठं.

मराठी फाँटाबद्दल एक गोष्ट आवर्जून. मराठीत "ल" आणि "श" यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि हिंदी वळणाचा "ल" दुकानाच्या पाटीवर दोन फूट उंच झाला की डोळ्यांना खुपतो. टिरो देवनागरी मराठी या फुकट फाँटात मराठी वळणं मुळातच आहेत. 'एक टाइप' या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फाँटही पाट्यांना छान दिसतात, पण त्यातला ल आणि श मोठा करून बघा आणि मगच ठरवा. लोगोत तर मी ही दोन अक्षरं लागली तर हातानं वळवून घेते. त्यासाठीच तर व्हेक्टर.

बोर्डाला त्याचं काम द्या

आता माणसांचं काम. पथकाचा सराव गणपतीच्या दोनेक महिने आधी सुरू होतो. तेव्हापासून ठरवायच्या गोष्टींचा डोंगर असतो: कोणत्या मंडळाची सुपारी घ्यायची, ढोल किती, ध्वज कोण धरणार, टेम्पो कुठं थांबणार, पाणी कोण देणार. विसर्जनाची मुख्य मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते, बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागते आणि अलका टॉकीजच्या चौकात पोचते. कुमठेकर, केळकर आणि टिळक रस्त्यावरूनही मिरवणुका जातात. ज्यांनी वादन केलंय त्यांना या रस्त्यावरचा कोणता भाग अरुंद आणि थांबायला जागा कुठं ते पाठ असतं, पण ते ज्ञान वीस डोक्यांत विखुरलेलं असतं. ते एका जागी आणायला बोर्डासारखं साधन नाही.

आम्ही असं करतो. ओपनस्ट्रीटमॅपवरून पेठांचा नकाशा घेऊन बोर्डावर मोठा टाकायचा, कोपऱ्यात त्यांचा श्रेयनिर्देश ठेवायचा आणि नकाशा लॉक करायचा. लॉक करायला विसरू नका. नाहीतर कुणाचं तरी बोट लागून आख्खी पेठ सरकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या अधांतरी राहतात. मग रंग ठरवायचे, तीनच: पिवळी चिठ्ठी म्हणजे माहिती, गुलाबी म्हणजे अडचण, हिरवी म्हणजे "हे मी करतो". हिरव्या चिठ्ठीवर नाव नसेल तर ती काढून टाकायची. रंग तीनाच्या वर गेले की बोर्ड फक्त रंगीत दिसतो, त्यातून काही वाचता येत नाही.

पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. बैठकीत जो मोठ्यानं बोलतो त्याचं चालतं. पहिल्या वर्षाला आलेली ताशावाली मुलगी समोरासमोर कधी म्हणणार नाही की परतीच्या वेळी मुलींसाठी गाडी हवी, पण चिठ्ठीवर लिहिते. मिरोत आणि फिगजॅममध्ये टायमर आहे, मतदान आहे, तुमच्या खात्यात मिळत असतील तर ते वापरा. ज्येष्ठ मंडळींना फोनवर बोर्ड सरकवायला जमत नाही आणि त्यांनी ते शिकावं असा हट्ट धरू नये. काका बोलतील, शेजारी बसलेल्यानं त्यांच्या शब्दांत चिठ्ठी लिहावी आणि त्यांना वाचून दाखवावी. त्यांच्या अनुभवाशिवाय तो नकाशा अर्धाच राहतो.

चिठ्ठीवर सहा-सात शब्दांपेक्षा जास्त नको. बहुतेक बोर्डांवर मजकूर वाढला की चिठ्ठीतलं अक्षर आपोआप बारीक होतं, आणि मराठी बारीक अक्षरात मात्रा-अनुस्वार आधी गायब होतात.

कोणता बोर्ड घ्यायचा? यावर फार वेळ घालवू नका. मिरो २०११ पासून आहे, आधी त्याचं नाव रिअलटाइमबोर्ड होतं. सोयी भरपूर, पण फुकट खात्यात तीनच बोर्ड संपादित करता येतात. आमच्यासारख्यांना तीन पुरतात, एक दर वर्षी रिकामा करायचा. पुढचं काम फिग्मात, म्हणजे ॲप-वेबसाइटचे पडदे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, होणार असेल तर फिगजॅम घ्या, कारण तिथल्या चिठ्ठ्या उचलून थेट फिग्माच्या फाईलमध्ये ठेवता येतात. ऑफिसात मायक्रोसॉफ्ट टीम्स असेल तर त्याचा व्हाइटबोर्ड हाताशीच आहे. आणि एखादी पटकन आकृती काढायची असेल, खातंबितं उघडायचं नसेल, तर एक्सकॅलिड्रॉ. मला ते फार आवडतं. खात्याशिवाय चालतं, मुक्त स्रोत आहे, आणि सामाईक खोलीतला मजकूर टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतो. उघडायची किल्ली त्या लिंकमध्येच असते. म्हणजे लिंक ज्याच्या हाती, त्याच्या हाती बोर्ड. एकट्यानं काढलेलं चित्र मात्र ब्राउझरमध्येच साठवलेलं असतं. ब्राउझर साफ केला की गेलं. उठताना फाईल उतरवून घ्या.

उतरवून घेण्याची सवय सगळ्याच बोर्डांना लावा. गुगलचा जॅमबोर्ड कितीतरी शिक्षक वापरत होते. तो ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. त्याआधी पीडीएफ करून ठेवले त्यांचं राहिलं. निर्णय झालेला बोर्ड मी त्याच दिवशी पीडीएफ करते आणि तारीख घालून ठेवते.

आणि एक काळजी: वर्गणीदारांचे फोन नंबर, मुलींचे पत्ते, रक्तगट असलं काही उघड्या लिंकच्या बोर्डावर ठेवू नका. ती यादी ज्याच्याकडे असायला हवी त्याच्याकडेच वेगळी असू दे. बोर्डावर "यादी अमक्याकडे" एवढी चिठ्ठी पुरे.

बोर्ड बंद कधी करायचा

लोगोचंच उदाहरण घ्या. ग्राहकाशी पहिलं बोलणं मी बोर्डावर करते. आवडलेल्या पाट्यांचे फोटो, नावाच्या चार-पाच पद्धती, कागदावरची कच्ची रेखाटनं मोबाइलनं फोटो काढून चिकटवते, आणि त्यांना चिठ्ठ्या लावायला सांगते. "हे जड वाटतं." "आईच्या हातच्या अक्षरासारखं हवं." "मिरचीचं चित्र नको, सगळेच घालतात." या चिठ्ठ्यांवर माझं पुढचं सगळं काम उभं असतं.

पण जेव्हा ग्राहक "ही वेलांटी जरा वर घ्या" असं म्हणायला लागतो, तेव्हा बोर्डाचं काम संपलं. कल्पना ठरली, आता आकार ठरवायचाय. त्या क्षणी मी बोर्डावर मोठी चौकट काढून त्यात तीन गोष्टी लिहून घेते: नेमका मजकूर (एकेक ऱ्हस्व-दीर्घ तपासून), कुठं कुठं वापरणार (पाकीट, पाटी, टेम्पो, इन्स्टाग्राम), आणि कोणतं रेखाटन निवडलं. ग्राहकाकडून होकार लिहून घेते आणि बोर्ड फक्त बघण्यापुरता ठेवते. यानंतर चर्चा प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, बोर्डावर नाही.

कुठं वापरणार हे आधी लिहून घेतल्यानं पुढचे निर्णय आपोआप होतात. रविवार पेठेतून आणलेल्या साध्या पाकिटावर एका रंगात स्क्रीन प्रिंटिंग करायचं असेल तर लोगोत रंगांची सरमिसळ चालणारच नाही. टेम्पोवर रेडियम असेल तर बारीक रेघा नकोत. फ्लेक्स असेल तर माप आधी कळायला हवं. फ्लेक्सवाले बरेचदा फुटाला इंच धरून फाईल करतात, दहा बाय सहा फुटांची फाईल दहा बाय सहा इंचांची. इलस्ट्रेटरच्या जुन्या आवृत्त्यांत तर आर्टबोर्ड सुमारे २२७ इंचांच्या, म्हणजे एकोणीस फुटांच्या पुढे जातच नाही, तिथं प्रमाणात काम करावंच लागतं. फाईलच्या नावातच प्रमाण लिहा.

बोर्डावरून व्हेक्टरमध्ये काय न्यायचं? मजकूर न्यायचा, तोही कॉपी करून, पुन्हा टाइप करून नव्हे. रेखाटनाचा फोटो न्यायचा, खालच्या थरात फिका करून ठेवायचा आणि त्यावर पेन टूलनं नव्यानं रेघ काढायची. बोर्डावरचं चित्र तसंच उचलून ऑटो ट्रेस करायचा मोह होतो. पानाफुलांना तो कधीकधी चालून जातो, अक्षरांना नाही. ट्रेस केलेल्या "श"च्या वळणावर दोन बिंदूंच्या जागी वीस बिंदू पडतात, कडा थरथरते, आणि मोठी पाटी झाली की ती थरथर लांबूनही दिसते. चांगल्या अक्षरात बिंदू मोजके असतात, वळणाच्या टोकांवर. हे हातानंच करावं लागतं आणि करण्यासारखं आहे.

एक्सकॅलिड्रॉ एसव्हीजी, म्हणजे रेघांची फाईल, देतं, मग ते व्हेक्टरच नाही का? आकृत्यांपुरतं आहे. पण त्याच्या हस्ताक्षरासारख्या फाँटात देवनागरी नाही, त्यामुळे मराठी अक्षरं तुमच्या मशीनमधल्या कुठल्या तरी फाँटातून उचललेली असतात. दुसऱ्याच्या मशीनवर ती वेगळी दिसतील. बोर्डावर मराठी छान दिसतंय म्हणजे फाँट ठरला, असं समजू नका.

उलट दिशेचा त्रास पुण्यात विशेष. प्रेसकडून जुनी जाहिरात मिळते, त्यातला मजकूर बोर्डावर चिकटवायला जावं तर भलतीच रोमन अक्षरं उमटतात. कारण तो मजकूर श्रीलिपीच्या किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या जुन्या फाँटांत बसवलेला असतो. आत साठवलेली अक्षरं रोमनच्या जागांवर असतात, फक्त फाँट त्यांना मराठी दाखवतो. दोन्ही पुण्यातच घडलेली, मराठी छपाईला संगणकावर आणणारी. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. युनिकोडमध्ये बदलून घ्यायची सोय असते. प्रेसमधल्या ऑपरेटरला "युनिकोड करून मॅटर द्या" म्हणा. आल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, बदलताना तिथंच जास्त घोळ होतो.

मधली हत्यारं

फिग्मा २०१६ ला सर्वांसाठी खुलं झालं आणि त्यात दोन्ही जगं जवळ आली: व्हेक्टर रेघही काढता येते आणि चार जणांना एकत्र कामही करता येतं. ॲप किंवा वेबसाइटचे पडदे करायचे असतील तर डोळे मिटून फिग्मा घ्या. बाणेर-हिंजवडीकडच्या आयटीतली मंडळी मला विचारतात तेव्हा मी इलस्ट्रेटरचं नावही काढत नाही. पण फिग्मा पिक्सेलमध्ये मोजतं आणि आरजीबीत रंगतं. त्यातून काढलेलं लेबल ऑफसेटला दिलं की भगवा मळकट छापून आल्याची तक्रार येते. स्क्रीनवरचा तो झळझळीत भगवा शाईच्या चार रंगांत तसा बसतच नाही. मंडळाच्या ध्वजाचा रंग फिग्मात ठरवू नका. छापलेल्या रंगपट्टीवर बोट ठेवून ठरवा.

कॅन्व्हा हे तिसरंच. हळदीकुंकवाचं निमंत्रण, शाळेचं पोस्टर, स्टेटस, यांना छान. त्यातही आता व्हाइटबोर्ड आहे. लोगोसाठी नको म्हणते, कारण तयार साच्यातला तोच मोर शेजारच्या दुकानावरही असू शकतो, आणि एसव्हीजी उतरवायला पैसे भरावे लागतात.

काही कामांना वरचं एकही नको. स्मरणिका किंवा दिवाळी अंक असेल तर इनडिझाइन किंवा स्क्रायबस. शंभर पानं कोरलमध्ये लावणं म्हणजे स्वतःला शिक्षा. मांडवाचा सांगाडा, विजेची जोडणी असलं काही असेल तर ते जाणत्याकडून मापाच्या नकाशावर काढून घ्या, तिथं सुरक्षेचा प्रश्न आहे. आणि तिघांचीच बैठक असेल तर पाठकोरा कागद घ्या. खरंच. लिंक पाठवण्यात जितका वेळ जातो तेवढ्यात कागदावर ठरून जातं.

पाठवताना

आप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या कुठल्याही प्रेसला पाठवायच्या माझ्या फोल्डरमध्ये हे असतं: कर्व्ह केलेला, ब्लीडसकट पीडीएफ, ते मागतील त्या आवृत्तीत सेव्ह केलेली ओपन फाईल (म्हणजे बदल करता येईल अशी), मजकूर जिवंत असलेली माझी स्वतःची प्रत (ही मी ठेवते, पाठवत नाही), आणि कसं दिसायला हवं ते दाखवणारा साधा जेपीजी, म्हणजे त्यांच्या मशीनवर काही हललं तर ओळखता येईल. ओपन फाईल जुन्या आवृत्तीत सेव्ह केल्यावर ती पुन्हा उघडून बघायची. सावल्या आणि पारदर्शक भाग तिथं मोडतात. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून कधीच नाही. फोटो दाबून लहान केला जातो.

पाठवण्याआधी ए-फोरवर शंभर टक्के मापात एक प्रिंट काढा. लेबल असेल तर कापून खऱ्या पाकिटावर चिकटवा आणि हातभर लांब धरून वाचा. वजन, किंमत, एफएसएसएआय क्रमांक वाचता येतो का ते घरातल्या चष्मेवाल्या माणसाला विचारा. पाटी असेल तर मजकुरातला एकच शब्द खऱ्या उंचीचा छापून भिंतीला लावा आणि रस्त्याच्या पलीकडून बघा. मग बोर्डावरच्या त्या चौकटीतला मजकूर उघडून पीडीएफशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. हे काम दुसऱ्या माणसाकडून करून घ्या, आणि त्याला शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला सांगा. अशानं सुटलेले अनुस्वार सापडतात. ते सापडले की सुधारा, पुन्हा कर्व्ह करा, पुन्हा वेल्ड करा आणि मग पाठवा.